आजीबाईचा बटवा श्टुटगार्टमध्ये उघडताना

पत्राचा सारांश: पत्रलेखिका तीन वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. पती वाहन उद्योगात अभियंता आहेत. चार वर्षांची मुलगी ‘किटा’त, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जाते आणि हिवाळा सुरू झाल्यापासून सतत सर्दी-खोकला घेऊन घरी येते. तिच्याकडून तो पाच महिन्यांच्या धाकट्या भावाला लागतो. बालरोगतज्ज्ञ प्रत्येक वेळी तपासतात, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सांगतात, ताप असेल तर पॅरासिटामॉल देतात आणि वाट पाहायला सांगतात. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी सोबत गुटीचा डबा, सहाण, कापूर, ओवा, मध, सितोपलादि चूर्ण आणि ओळखीच्या वैद्यांकडच्या काही पुड्या आणल्या आहेत. बाळाला रोज गुटी द्यायची, असा त्यांचा आग्रह आहे. पत्रलेखिकेच्या नकळत त्यांनी त्याला एकदा मधाचे बोटही चाटवले. पतीच्या मते हे सगळे थोतांड आहे. धुरी दिल्यावर घरातला धूरसूचक वाजू लागला आणि शेजारी दारात आले, त्या दिवसापासून मायलेक एकमेकांशी मोजकेच बोलतात. पत्रलेखिका लिहितात, “डॉक्टर औषध देत नाहीत आणि आई औषध थांबवत नाहीत. डॉक्टरांना यातले काहीच सांगितलेले नाही, कारण ते आम्हाला अडाणी समजतील. मी कोणाचे ऐकू?”

सप्रेम नमस्कार.

‘मी कोणाचे ऐकू’ हा तुमचा प्रश्न मला थोडा बदलून घ्यावासा वाटतो. तो असाच ठेवला तर उत्तर काहीही आले तरी घरातले एक माणूस हरणार. त्याऐवजी डब्यातली एकेक वस्तू बाहेर काढून ‘ही कोणाला, कशासाठी आणि किती द्यायची, आणि हिचा उपयोग झाला नाही तर किती वेळाने थांबायचे’ असे विचारले, तर बहुतेक वस्तूंचा निकाल आपोआप लागतो आणि तो कोणाच्याही बाजूने लागत नाही. मी वैद्यकीय व्यवसायातली नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून वाचू नये. डॉक्टरांशी काय बोलावे याची तयारी म्हणून वाचावे.

आधी ‘डॉक्टर औषध देत नाहीत’ या तक्रारीविषयी. बालवाडीत नव्याने जाऊ लागलेल्या मुलाला वर्षातून आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणे ही जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने नेहमीची गोष्ट आहे, आणि यातली बहुतेक आजारपणे ऑक्टोबर ते मार्च या काळातच येत असल्यामुळे मूल सदाच आजारी आहे असे वाटू लागते. साध्या सर्दीचा खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो. तो विषाणूंमुळे होतो आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही, त्यामुळे ती लिहून न देणारा डॉक्टर हलगर्जी ठरत नाही. आपल्याकडे दवाखान्यातून बाहेर पडताना हातात दोन-तीन बाटल्या नसल्या तर तपासणीचे पैसे वाया गेल्यासारखे वाटते, ही आपली सवय आहे. तुमच्याच पत्रावरून दिसते की तुमच्या डॉक्टरांनी दर वेळी छाती ऐकली, कान पाहिले, बाळाचे वजन केले आणि कधी परत यायचे तेही सांगितले. उपचार झाला तो हाच. सासूबाईंना हे दिसले नसेल, कारण सगळे संभाषण जर्मनमध्ये झाले आणि घरी येताना त्यांना फक्त मिठाच्या पाण्याची बाटली दिसली. पुढच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि डॉक्टर काय बोलतात ते तिथल्या तिथे मराठीत सांगा.

तुम्ही हसत-हसत लिहिलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. मुलीचा कान दुखत होता तेव्हा याच डॉक्टरांनी वेदनाशामक दिले आणि वर चिरलेल्या कांद्याची कोमट पोटली कानाला बाहेरून लावायला सांगितली. जर्मनीत हा घरोघरचा उपाय आहे. तापात पोटऱ्यांना ओल्या पट्ट्या गुंडाळणे, पोटदुखीला बडीशेप, शहाजिरे आणि त्याच कुळातल्या बियांचा काढा, घशासाठी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा हेही तिथल्या आज्यांचेच उपाय आहेत. बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियान क्नाइप यांनी एकोणिसाव्या शतकात पाण्याच्या उपचारांचा एवढा प्रसार केला की त्यांचे नाव आजही तिथल्या औषधांच्या दुकानात दिसते. मुलांच्या खोकल्यासाठी तिथे सर्रास मिळणारी कितीतरी सिरपे थाइम नावाच्या वनस्पतीची असतात. तिच्यातला थायमॉल हा घटक सासूबाईंच्या ओव्यातही आहे. तेव्हा हे डॉक्टर घरगुती उपाय ऐकून तुम्हाला अडाणी समजतील, ही भीती मला निराधार वाटते. कांदा सुचवणाऱ्या माणसाला ओव्याचे नवल वाटायचे कारण नाही.

पण म्हणून आज्यांचे सगळेच उपाय, तिथले असोत वा इथले, सारख्या योग्यतेचे ठरत नाहीत. जुलाब झाले की मुलाला कोला आणि बिस्किटासारख्या खाऱ्या काड्या द्यायच्या, हा जर्मन घरांतला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज; आता तिथले डॉक्टरच त्याला विरोध करतात, कारण कोलातली भरमसाट साखर जुलाब वाढवू शकते आणि शरीरातून गेलेले क्षार त्यातून पुरेसे भरून निघत नाहीत. याउलट मीठ घातलेली भाताची पेज ही आपली रीत शास्त्राच्या कसोटीवर बरीच टिकते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. तुमच्या मुलीला जुलाब झाले तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे माप लक्षात ठेवा आणि पेज खुशाल द्या. बाळासाठी मात्र घरचे माप नको. त्याला तुमचे दूध चालू ठेवा, औषधांच्या दुकानातली क्षारांची तयार पुडी आणून ठेवा आणि ती कशी द्यायची ते डॉक्टरांना विचारा.

तुमच्या घरातला खरा गोंधळ मला इथे दिसतो: डबा एक आहे, पण मुले दोन आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत सासूबाईंचे बरेचसे उपाय चालण्याजोगे आहेत. आल्याचा रस आणि मध यांचे चाटण तिला झोपताना जरूर द्या. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्ये एक वर्षावरील मुलांच्या साध्या खोकल्यासाठी मधाचीच शिफारस केली आहे. हळदीचे दूध तिला आवडत असेल तर द्यावे, त्याने आजार पळेल अशी अपेक्षा न ठेवता. कोमट रस्सम, मुगाचे कढण, मऊ भात हे तर आजारी मुलाचे जेवणच आहे. ओव्याची पोटली छातीला शेकायला हरकत नाही, मात्र ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहावी. वाफारा मी टाळेन. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकलेले चार वर्षांचे मूल एका धक्क्याने भाजते, अशा घटना भाजलेल्यांच्या वॉर्डांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत, आणि वाफेने सर्दी लवकर बरी होते याचा ठोस पुरावा नाही. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्याची आपल्याकडची पद्धतही बंद करावी, कारण पडद्याला भोक पडले असेल तर ते तेल आत जाते आणि ते बाहेरून कळत नाही. कांदा निदान कानाबाहेर राहतो.

पाच महिन्यांच्या बाळाचा विचार सर्वस्वी वेगळा आहे.

मध त्याला वर्षाचा होईपर्यंत नको, बोटभरही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मध कोमट केल्याने किंवा घरच्या पोळ्याचा आहे म्हणून हा धोका कमी होत नाही. चाटवून झालेल्या बोटाबद्दल घाबरून जाऊ नका, कारण हा आजार विरळा आहे. तरीही डॉक्टरांना कळवा आणि पुढचे चार आठवडे लक्ष ठेवा: बाळाला अचानक बद्धकोष्ठ झाले, रडणे क्षीण झाले, दूध ओढण्याची ताकद कमी झाली, मान किंवा अंग सैल पडले, तर तासभरही न थांबता रुग्णालयात जा आणि मध दिला होता हे पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडे हल्ली लोकप्रिय झालेल्या सुवर्णप्राशनातही मध असतो, हे अशाच पेचात सापडलेल्या इतर आयांसाठी लिहून ठेवते.

आता गुटी. ही गोष्ट नाजूक आहे, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बाळाची आंघोळ झाली की सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, जायफळाचा अर्धा, हळकुंडाचा, मुरुडशेंगेचा, हिरड्याचा असे मोजत आज्यांनी दोन पिढ्या वाढवल्या आहेत. आपल्या हातची गुटी ज्यांच्या मुलांना लाभली, त्यांना ती अपायकारक असेल हे पटणे कठीण आहे, आणि बहुतेक मुलांना त्या थेंबभर उगाळणीने काही झाले नसेल हेही खरे. पण घटक एकेक करून पाहा. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उंदरांना भारतीय वेखंडाचे तेल दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्यात गाठी आढळल्या आणि त्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. जायफळाने बाळ गुंगते. एरवी आपण त्याला ‘शांत झोपला’ म्हणतो, पण तापात किंवा छाती भरलेली असताना बाळाची सुस्ती हीच डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण असते आणि ती जायफळामुळे आहे की आजारामुळे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. शिवाय वेढ्याचे माप हाताच्या दाबावर अवलंबून असते, मुळ्या किती जुन्या आणि किती शुद्ध आहेत हे कळायला मार्ग नसतो, आणि उगाळायला घेतलेले पाणी, सहाण आणि बोट या तिन्हींतून जंतू जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नका म्हणते, त्यामागे हेही एक कारण आहे. इतक्या शंकांच्या बदल्यात बाळाला नेमके काय मिळते, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: या बाळाला गुटी देऊ नये.

कापराबाबतही तडजोड नको. कापूर, निलगिरी किंवा मेंथॉल असलेली मलमे दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला वा नाकाजवळ लावू नयेत, कारण त्यांच्या उग्रपणाने लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो. कपड्याला कापराची पुरचुंडी बांधणे याच प्रकारात येते. आणि कापूर गिळला गेला, तर थोड्याशानेही झटके येतात. धुरीबद्दल त्या यंत्राने निकाल दिलाच आहे. तरी एक सांगते, जर्मनीतल्या घरांत धूरसूचक सक्तीचा आहे, तो काढून ठेवून धुरी देण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. वाड्यातल्या कौलारू खोलीत धूर निघून जात असे, तुमच्या सदनिकेच्या दुहेरी काचांच्या खिडक्या हिवाळ्यात हवा कोंडून धरतात, आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड या यंत्राला कळतही नाही. थंडीत पाच मिनिटे खिडक्या सताड उघडण्याचा जो आग्रह तिथले लोक धरतात, तो बाळाला टोपी घालून पाळावा.

वैद्यांकडच्या पुड्यांविषयी तुम्ही फार थोडे लिहिले आहे, पण मला त्यांचीच काळजी अधिक वाटते. सितोपलादिवर निदान घटक छापलेले असतात: खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी. मुलीला ते द्यायचे तरी डॉक्टरांना दाखवून, आणि मधातून चाटवायच्या सवयीने ते बाळापर्यंत पोहोचणार नाही हे पाहून. कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुडीत काय आहे ते मात्र कोणालाच ठाऊक नसते. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. म्हणून ज्यावर घटक, निर्माता आणि तारीख छापलेली नाही ते दोघांनाही देऊ नका. मुलीला यापूर्वी त्यातले काही दिले गेले असेल तर तेवढे डॉक्टरांना सांगा. रक्तातले शिसे तपासण्याची गरज आहे का, हे ते ठरवतील.

तुमच्या पतींचे मत तपशिलात बरेचसे बरोबर असूनही त्यांची भूमिका घराच्या उपयोगाची नाही, असे मला वाटते. ‘थोतांड’ म्हटल्यामुळे मधाचे बोट थांबले नाही. ते तुमच्या नकळत चाटवले गेले. पाच महिन्यांच्या बाळाला काय दिले जाते हे आईला ठाऊक नसणे, हा मला गुटीहूनही मोठा धोका वाटतो. सासूबाई भाषा न कळणाऱ्या गावात, बर्फात, चार भिंतींत बसल्या आहेत. गुटी उगाळणे हे त्यांना येणारे आणि घराला हवे असणारे एकमेव काम त्यांना वाटत असेल, तर ते काढून घेताना दुसरे काही हाती द्यायला हवे. बाळाला ताप नसेल तेव्हा कोमट खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालिश, नाका-कानात तेल न सोडता, ही त्यांच्याइतकी छान तुम्हाला दोघांना येणार नाही. पेज, कढण, मुलीचे चाटण हा विभाग पूर्णपणे त्यांचा असू द्या. आणि रोजची नोंद त्यांच्याकडे सोपवा: बाळाने किती वेळा दूध घेतले, किती लंगोट ओले झाले, ताप किती वाजता किती होता. डॉक्टर हेच विचारतात, त्यामुळे त्यांच्या वहीचा दवाखान्यात खरोखर उपयोग होईल.

बोलायचे कोणी? तुम्ही नव्हे, तुमच्या पतींनी. मुलाने आईशी बोलायचे ते सुनेच्या तोंडी आले की त्याचा अर्थ बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही मुले बरी असतील अशा एखाद्या दुपारी, डॉक्टरांकडून आल्या-आल्या नव्हे, त्यांनी आधी ‘थोतांड’ हा शब्द मागे घ्यावा आणि मग एवढेच सांगावे: “आई, ताईचे सर्दी-पडशाचे तू बघ. बाळाच्या तोंडात मात्र आम्हाला विचारल्याशिवाय काहीच जायचे नाही.” वादाला ‘आम्ही तुला असेच वाढवले’ असे उत्तर येईल. त्यावर आकडे फेकू नयेत. “हो, आणि चांगले वाढवलेस,” म्हणून पुन्हा तेच वाक्य शांतपणे सांगावे.

डॉक्टरांना सांगण्यासाठी वेगळी वेळ काढायची गरज नाही. बाळाची सहाव्या-सातव्या महिन्यातली ‘यू-५’ तपासणी जवळ आलीच आहे. डब्यातल्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढा, शेजारी लॅटिन नाव लिहा आणि कोणाला काय, केव्हा दिले ते खरेखरे नोंदवून न्या. वेखंड तिथे ‘काल्मुस’ म्हणून ओळखीचे आहे. सासूबाईंनाही सोबत घ्या.

तोवर कोणताही घरगुती उपाय चालू असताना पुढील परिस्थितीत तो सोडून फोन उचलायचा, हे घरातल्या तिघांनी एकत्र ठरवा. बाळाला ३९ अंशांच्या वर ताप असणे (तीन महिन्यांखालील बाळाला तर ३८ अंश पुरेत), दूध नाकारणे, सात-आठ तास लंगोट कोरडा राहणे, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, हलवूनही नीट जागे न होणे, अंगावरचा पुरळ काचेच्या पेल्याने दाबूनही न फिकटणे. दवाखाना बंद असेल तर ११६११७ या क्रमांकावर त्या वेळी उपलब्ध असलेल्या डॉक्टरांची सोय होते. श्वासाचा त्रास, सुस्ती किंवा असा पुरळ असेल तर थेट ११२. कापूर, जायफळ किंवा दुसरे काही मुलांच्या पोटात गेल्याची शंका आली, तर तुमच्या राज्यासाठी फ्रायबुर्गचे विषबाधा माहिती केंद्र ०७६१ १९२४० या क्रमांकावर दिवसरात्र सल्ला देते. हे तिन्ही क्रमांक, आणि सोबत ‘बाळ श्वास नीट घेत नाही’ हे वाक्य जर्मनमध्ये पण देवनागरी लिपीत, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा, कारण तुम्ही दोघे बाहेर असाल तेव्हा फोन सासूबाईंनाच करावा लागेल. आणि तो डबा आजच वरच्या फळीवर ठेवा, चार वर्षांच्या मुलीचा हात पोहोचणार नाही अशा जागी.